क्लास टूची पेटी

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार लिहितो, कारण आई शेजारी बसली आहे आणि तिनं कागदाकडे बघून विचारलं, "नमस्कार घातलास का?" आता घातला. पुढचं तिला वाचून दाखवणार नाही.

फोनवर आपण दोघं ओरडतो, आणि मग कोण काय म्हणालं यावरून पुन्हा ओरडतो. म्हणून लेखी विचारतो. माझ्या पेट्यांचे सर्किट बोर्ड तुम्ही का अडवून ठेवलेत?

तुमच्या कारखान्यात विचारलं तर सांगतात, माल तयार आहे, मोजून ठेवला आहे, फक्त तपासणीप्रमुखांची सही व्हायची आहे. आणि तपासणीप्रमुख कोण, तर माझी सख्खी वहिनी. म्हणजे परक्यानं अडवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. बोर्डाच्या माझ्या नकाशावर स्पष्ट लिहिलंय, क्लास टू. तुमच्याच हाताखालचा माणूस मला म्हणाला, क्लास टूमध्ये सगळे पास आहेत. मग सही का नाही?

कारण मला माहीत आहे. दादा गेला, वर्कशॉप माझ्याकडे आलं, आणि तयार पेट्या तपासायचं तुमचं टेबल मी बंद केलं. तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर मला धांदरट म्हणालात, पदर खोचलात आणि त्या बोर्डाच्या कारखान्यात जाऊन बसलात. बसा. पण तिथं बसून जुना हिशोब चुकता करू नका. मी खेळणी बनवत नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनवतो. हॉस्पिटल रोज फोन करतंय. बाळं तुमच्या सहीसाठी थांबून जन्माला येत नाहीत.

सही करा आणि माल सोडा. राग काढायचाच असेल तर घरी या, आईच्या समोर काढा, तिला तेवढीच करमणूक.

तुमचा दीर, नाइलाजानं


९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा नमस्कार आईंचा आहे हे ओळखून स्वीकारला. त्यांना माझा सांगा.

हो, माल मी अडवला आहे. चोरून नाही, सगळ्यांना सांगून अडवला आहे. का, ते ऐका. तुम्हाला पेट्या विकण्यापलीकडचं काही ऐकायची सवय नाही, म्हणून सोपं करून सांगते.

बोर्डांचे तीन क्लास असतात. क्लास वन म्हणजे तो भुंकणारा प्लॅस्टिकचा कुत्रा. एक दिवस तो भुंकायचा थांबला, तर पोर रडतं आणि घरातली मोठी माणसं देवाचे आभार मानतात. क्लास टू म्हणजे कपडे धुण्याचं मशीन. चालत राहावं ही अपेक्षा, पण बंद पडलं तर चिडचिड होते, मेकॅनिक येतो, चहा पिऊन दुरुस्त करतो. आणि क्लास थ्री म्हणजे ज्याला बंद पडायची परवानगीच नाही. मेकॅनिक येईपर्यंत उशीर झालेला असतो, असं सगळं त्यात येतं.

तिन्ही क्लासचे बोर्ड एका ओळीत ठेवले तर तुम्हाला फरक सांगता येणार नाही. तिन्ही हिरवे, तिन्ही चकचकीत, वीज दिली तर तिन्ही चालू. फरक भोकांत असतो. बोर्डाच्या एका बाजूचा निरोप दुसऱ्या बाजूला जातो तो बारीक भोकांमधून, आणि त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचं प्लेटिंग असतं, केसापेक्षा कितीतरी पातळ. क्लास टूला ते थोडं कमी चालतं. क्लास थ्रीला चालत नाही. क्लास टूत भोक मधून जरा सरकलं, भोवतीची तांब्याची कडी एका बाजूनं तुटली, तरी सोडून देतात. क्लास थ्रीत कडी सगळीकडून शाबूत लागते.

तुमच्या बोर्डांत तांबं क्लास टूच्या काठावर आहे. पास आहे, पण काठावर. आणि हे बोर्ड जाणार कुठं? ज्याला स्वतःच्या अंगाची ऊबसुद्धा धरून ठेवता येत नाही अशा जिवाच्या उशाशी. तिथं क्लास टू?

तुमचे दादा असते तर हे झालं नसतं. तुम्ही वर्कशॉप घेतलंत, मी बोलले नाही. माझं टेबल उचलून गोदामात टाकलंत, बोलले, पण गेले. आता त्यांच्या नकाशावरच्या तीनचा दोन करायला तुमचा हात कसा धजला, एवढंच मला सांगा. ते समजेपर्यंत सही मागू नका.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं भाषण पोचलं. सभा असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. फक्त एक गोष्ट राहिली, ती म्हणजे खरं काय ते.

क्लास टू मी लिहिलेलं नाही. दादानं लिहिलं. पहिल्या पेटीच्या पहिल्या नकाशापासून, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात. जुने नकाशे तुमच्याच कारखान्यात आहेत, काढून बघा. त्यानंतर एवढ्या पेट्या गेल्या, प्रत्येकीवर तेच. मी त्यात एक आकडा बदललेला नाही. ज्याच्या नावानं तुम्ही मला फासावर चढवायला निघालात, त्यानंच ते लिहिलंय. आता काय करता?

दुसरं. बोर्ड कुठल्या क्लासचा हे ग्राहक ठरवतो, बनवणारा नाही. हा तुमच्याच धंद्यातला नियम आहे, मी घरी बसून रचलेला नाही. शिंप्यानं कापड शिवावं, ते घालून गिऱ्हाइकानं कुठं जायचं हे सांगू नये. हे मी काल तुमच्या मालकांना समक्ष भेटून सांगितलं. त्यांना पटलं. ते तुमच्याशी बोलतीलच.

आणि तुम्ही ज्या माणसाला धांदरट म्हणता, त्यानं काय केलंय तेही कानावर घालतो. दादाची पेटी कपाटाएवढी होती, दोघांनी रेटावी लागायची. नर्सबाईंची कंबर धरायची. मी बोर्ड खालच्या डब्यातून काढला आणि वर, हीटरच्या शेजारी आणून बसवला. निम्म्या वायरी गेल्या. ते जुनाट कटआउट, पेटी फार तापली की टक् करून पडणारं आणि हीटर तोडणारं, तेही काढून टाकलं. वेळी-अवेळी पडायचं, मग लोकांच्या शिव्या. आता तापमान बघणं, हीटर चालू-बंद करणं, सगळं एकटा बोर्ड करतो. पेटी एका हातानं ढकलता येते. दादा असता तर पाठ थोपटली असती.

नवीन पेट्यांची एकच तक्रार आली आहे, आणि तीही पेटीची नाही. एक नर्स म्हणाली, पडद्यावर बाळ गार दाखवतंय आणि हात लावला तर बाळ लालबुंद. तिनं लगेच बाहेर काढलं, बाळ ठीक आहे. साधी गोष्ट आहे, बाळाच्या अंगाला चिकटवायचा सेन्सर तिनं नीट चिकटवला नव्हता. सेन्सर सुटला की गारच दाखवणार. माझ्या माणसानं जाऊन पेटी तपासली, एकदम ठणठणीत. तर ती बाई वर तोंड करून म्हणते, "तुमच्यासमोर ती नेहमीच शहाण्यासारखी वागते." पेटी तिथून उचलून आणली आहे, टेबलावर ठेवली आहे, व्यवस्थित चालते आहे.

सहीची वाट बघतोय. फार नाही बघणार.

दीर


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

माल गेला. मालकांनी बोलावून विचारलं, "बाई, क्लास टूत पास आहेत की नाहीत?" पास होते. सही केली. क्लास टू म्हणून केली, कारण ते क्लास टू आहेत. त्याहून एक अक्षर जास्त त्या सहीत वाचू नका.

जुना नकाशा काढला. अक्षर त्यांचं आहे. नकाशे ते आणि कारखाना यांच्यात असायचे, माझ्याकडे यायची ती तयार पेटी, त्यामुळे ती ओळ मी कधी पाहिली नव्हती. तीनचा दोन तुम्ही केलात हा आरोप मागे घेते. तुमच्याबद्दलचं बाकी मत तसंच आहे.

पण भाऊजी, त्यांनी दोन का लिहिलं, हा प्रश्न तुम्हाला पडला का? मला पडला. आणि उत्तर तुमच्याच पत्रात होतं, तुम्ही फुशारकी मारता मारता लिहून गेलात.

तयार पेटी माझ्या टेबलावर आली की ते काय करायचे, आठवतं? बोर्ड उपटून बाजूला ठेवायचे. हीटर सरळ विजेला जोडायचे, पेटी तापू द्यायचे, आणि हाताची घडी घालून उभे राहायचे. मी म्हणायचे, अहो जळेल. ते म्हणायचे, थांब. मग कटआउट टक् करून पडायचं, हीटर मरायचा, आणि ते मिशीत हसायचे. बोर्ड मेला तरी बाळाला काही होणार नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय एक पेटी त्यांनी दाराबाहेर जाऊ दिली नाही. म्हणून क्लास टू. त्यांनी बोर्डाला मरायची परवानगी दिली होती, कारण बोर्डाच्या मागं दुसरा पहारेकरी उभा होता. आणि बोर्ड खाली ठेवला होता, गारव्याला, हीटरपासून लांब.

तुम्ही बोर्ड भट्टीशेजारी नेलात. पहारेकऱ्याला घरी पाठवलंत. सगळा भार एकट्या बोर्डावर टाकलात. आणि क्लास? क्लास तोच ठेवलात. एक आकडाही बदललेला नाही, असं मान ताठ करून मला लिहिता. तोच तर बदलायला हवा होता. त्यांचा आकडा जपलात आणि तो ज्यावर उभा होता ते पायाखालून काढून घेतलंत. क्लास बोर्डाला चिकटलेला नसतो हो, बोर्डावर काय सोपवलंय त्याला चिकटलेला असतो.

आता ती परत आलेली पेटी. तापलं की बोर्डाचा फायबरचा पत्रा जाडीत फुगतो. तांबं तेवढं फुगत नाही, ते ताणलं जातं. रोज तापतं, रोज निवतं. तार वाकवून वाकवून तोडतात ना, तसं भोकातलं तांबं एक दिवस आतल्या आत तडकतं. निवलं की तड मिटते, पुन्हा सगळं ठीक. तापलं की उघडते. आणि सेन्सरचा निरोप ज्या भोकातून जातो तिथं तड उघडली, तर बोर्डाला वाटतं बाळ गारठलंय, आणि तो हीटर आणखी फुलवतो. नर्सनं तुम्हाला नेमकं हेच सांगितलं. तुम्ही तिला सेन्सर चिकटवायला शिकवता.

पेटी बंद करून तापवा. टेबलावर झाकण काढून, पंख्याखाली ठेवून नाही. बंद करून, दिवसभर, आणि शेजारी बसून राहा.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही पेटी न बघता, मैलोन्‌मैल लांब बसून, तिच्या एका भोकातली तड पाहिलीत. ज्योतिषाचा धंदा काढा, जोरात चालेल.

पेटी टेबलावर आठवडाभर चालते आहे. हो, झाकण काढून. झाकण लावलं तर बोर्डाला मीटर कसं लावणार? एकदाही चुकली नाही. माझा मुख्य कारागीर, जो दादाच्या हाताखाली तयार झाला, तोही म्हणतो ठीक आहे. आता तो खोटा, मी खोटा, मशीन खोटं, आणि तुमचं पत्र तेवढं खरं?

तुम्हाला काय खुपतंय ते मला कळतं. ती पेटी दादाची राहिली नाही. तुम्हाला ती दादाचं देवघर म्हणून जपायची होती, आणि मी तिथल्या मूर्ती हलवल्या. कटआउट म्हणे पहारेकरी. अहो, ते कटआउट होतं. पितळेचं.

नवीन बोर्ड बसवून झाले. पेट्या पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलला जातील. आधीच्या तिथं आहेतच. आई म्हणते, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली पाहिजे. मी म्हटलं, आई, सकाळी एकच जण बाहेर येईल. ती म्हणाली, "कोण येईल ते मला माहीत आहे, म्हणून तर लावत नाही."

तिच्या मनात कोण आहे ते मी विचारलं नाही.

दीर


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

हे शेवटचं.

दहा तारखेपर्यंत वाट पाहीन. तोवर ती पेटी झाकण लावून तापवलीत आणि काय झालं ते मला लिहिलंत, तर ठीक. नाहीतर मी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहीन. पेट्यांमध्ये काय बदललं, बोर्ड कुठल्या क्लासचा आहे, नर्सनं काय पाहिलं, सगळं लिहीन आणि खाली माझं नाव घालीन.

बोर्डाच्या तपासनिसानं ग्राहकाच्या ग्राहकाला पत्र लिहायचं नसतं. माझी नोकरी जाईल, हे मला ठाऊक आहे. वर्कशॉपचं नाव जाईल, आणि त्या नावात ह्यांचंही नाव आहे, तेही ठाऊक आहे. मला भीती घालायला येऊ नका. भीती काय असते ते मी तुमच्या दादांच्या उशाशी बसून पुरतं बघितलंय.

देवघराबद्दल लिहिलंत. माझ्या देवघरात पितळ नाही. तिथं फक्त एकच प्रश्न आहे, हे बंद पडलं तर आत कोण आहे? तो तुम्ही स्वतःला विचारेपर्यंत मी तुमची कोणी नाही.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

तुमची मुदत उलटून गेली. तुम्ही डॉक्टरांना पत्र टाकलं असेल तर टाकलं असेल. मी आधीच जाऊन आलो होतो.

पेटी तापवली. तुमचं ऐकून नव्हे. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून. आईला खुर्ची टाकून शेजारी बसवली, साक्षीला. बाळाच्या जागी पाण्याची रबरी पिशवी, तिला सेन्सर चिकटवला, पट्टीवर पट्टी मारून, म्हणजे सुटला म्हणायला जागा नको. पिशवीखाली आईचा ताप मोजायचा थर्मामीटर. झाकण बंद. सकाळभर पेटी शहाण्यासारखी वागली. आई म्हणाली, "तिची काही चूक नाही हो." मी खूश. जेवायला उठणार, तेवढ्यात पडद्यावरचा आकडा खाली यायला लागला. हळूहळू, अगदी सभ्यपणे. बाळ गार होतंय, असं पेटी सांगत होती. हीटर लालभडक झाला. मी काचेच्या खिडकीतून हात घातला आणि पिशवीला धरला, आणि सोडला. आई म्हणाली, "बंद कर." मी म्हटलं, थांब, पाहू दे. ती उठली आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

थर्मामीटरचा पारा पार टोकाला जाऊन बसला होता.

निवल्यावर पुन्हा चालू केली. ठणठणीत. जणू काही झालंच नाही. मला त्या मशीनची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेलो. हॉस्पिटलच्या आधीच्या सगळ्या पेट्या, माझ्या पद्धतीच्या, उचलून आणल्या. नवीन पाठवल्याच नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?" मी म्हटलं, काल. ते खरं होतं. पण तुमची दोन पत्रं माझ्या खिशात होती, आणि मला सारखं वाटत होतं की त्यांना ती कापडातून दिसताहेत.

तो बोर्ड या पार्सलमध्ये आहे. कापून बघा. तुम्हाला बघायचंच होतं.

आता कामाचं. हॉस्पिटलला पेट्या लवकर हव्यात, त्यांच्याकडे आता दादाच्या वेळच्या जुन्या तेवढ्याच उरल्यात. नवीन बोर्ड पेट्यांतून काढून ठेवलेत, माझ्याकडे पडून आहेत. ते परत पाठवतो. त्यातले चांगले चांगले निवडा, क्लास थ्रीत बसतील असे, आणि त्यांच्यावर क्लास थ्रीचा शिक्का द्या. निम्मे तरी बसतील. हे तरी कराल?

माफी मागितली असं समजू नका. आईनं मागायला सांगितली आहे. तिला सांगितलं, लिहिली म्हणून.

दीर


२० मार्च

भाऊजी,

डॉक्टरांना पत्र लिहिलं होतं. पाकिटात घालून ठेवलं होतं. तुमचं आलं, म्हणून फाडलं.

बोर्ड कापला. सेन्सरचं भोक मधोमध चिरून, राळेत बसवून, घासून आरशासारखं केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तड आहे. भोकाच्या मधोमध, चारी बाजूंनी, पूर्ण गोल. तांब्याचे दोन तुकडे समोरासमोर टेकून उभे आहेत, एकमेकांशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. मी तो तुकडा कारखान्यातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवला.

मग तांबं मोजलं. भाऊजी, ते क्लास टूला पुरेसं आहे. दोष शोधला, सापडला नाही. बनवणाऱ्यानं चूक केली नाही, तपासणाऱ्यानं केली नाही. तो एक चांगला क्लास टूचा बोर्ड होता. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये तो तुमच्या नातवंडांपर्यंत चालला असता. उद्या तसाच बोर्ड क्लास टू म्हणून समोर आला तर मी पुन्हा सही करीन. यात कुणीतरी चोर असता तर मला झोप लागली असती.

आता तुमची मागणी. ती वाचून मी कागद खाली ठेवला आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. चांगले निवडा आणि शिक्का द्या? भोकाच्या आतलं तांबं बाहेरून दिसत नाही. दिसायला कापावं लागतं, आणि कापलेला बोर्ड कशाला लागत नाही. मग मी काय निवडू, चेहरे? क्लास थ्री म्हणजे क्लास टूतले गोरेगोमटे नव्हेत. तो पहिल्या दिवसापासून तसाच बनवावा लागतो. नकाशात भोवतीची कडी मोठी ठेवावी लागते, प्लेटिंगला जास्त वेळ द्यावा लागतो, कमी माल निघतो, जास्त फेकावा लागतो. घाई करणाऱ्याला तो मिळत नाही. तुम्ही इतकं पाहून आलात, पिशवीला हात लावून आलात, आणि तरी तुम्हाला शिक्का हवा आहे. शिक्का म्हणजे शाई असते.

बोर्ड परत पाठवू नका. प्रत्येकातून एक आरपार भोक पाडा, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही.

आईंना सांगा, माफी पोचली. त्यांची.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

एकेका बोर्डात भोक पाडलं. मी स्वतः बसून पाडलं. कारागीर बघत होते. एकानं चहा आणून ठेवला.

नवीन नकाशा तुमच्या कारखान्यात दिला आहे. बोर्ड पुन्हा खाली, गारव्याला. पेटी पुन्हा जाड झाली, नर्सबाईंनी मला शिव्या द्याव्यात. कटआउट परत, आणि या वेळी दोन. आणि बोर्ड क्लास थ्री. तुम्ही म्हणाल, पहारेकरी आल्यावर दोन चाललं असतं. चाललं असतं. दादाला चाललं असतं. त्या दुपारी पिशवीला मी हात लावला होता, दादानं नव्हे. मला चालत नाही.

तुमचे मालक सज्जन आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरचं भांडण दिसतंय. तुमच्या मालाला दुसरा तपासनीस देतो, म्हणजे दोघांनाही मोकळेपणा." मी नाही म्हणालो. ते चकित झाले. मी म्हटलं, साहेब, माझ्यावर इतका राग असलेलं माणूस तुमच्या कारखान्यात दुसरं कुणी आहे का? नसेल तर माझा माल त्यांच्याच टेबलावर जाईल.

हे कौतुक नाही. तुमचा स्वभाव मला अजूनही सहन होत नाही. तुम्ही खोलीत आलात की माझी मान आखडते. पण माझ्या बोर्डावर दया करणारा तपासनीस मला नको आहे, आणि तुमच्याइतकी निर्दय बाई मी पाहिली नाही.

हॉस्पिटलला मे महिन्याचा शब्द दिला आहे. तेवढा पाळू द्या.

दीर


६ मे

भाऊजी,

तुमचा क्लास थ्रीचा पहिला माल आज पाहिला. सही केलेली नाही.

कारण लिहिते, म्हणजे मालकांकडे धावायच्या आधी वाचाल. बोर्ड एकेकटे बनत नाहीत, एका मोठ्या पत्र्यावर शेजारी शेजारी बनतात, आणि पत्र्याच्या कडेला एक तुकडा फक्त तपासणीसाठी सोडलेला असतो. तो कापायचा, तांबं मोजायचं, आणि पत्र्याचा निकाल द्यायचा, ही रीत. कडेचा तुकडा क्लास थ्रीत पास आहे. पण प्लेटिंगच्या टाकीत कडेला तांबं जास्त बसतं आणि मध्ये कमी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. म्हणून मी प्रत्येक पत्र्यातला मधला चांगला बोर्ड कापला. मध्ये तांबं कमी पडलं आहे. थोडंसंच. पण कमी.

मालक संतापले. म्हणाले, "रीतीप्रमाणे पास आहे, तुम्ही रीतीबाहेर जाऊन कापलंत, आणि कापलेला माल कोण भरून देणार?" मी म्हटलं, रीत बाळाला ठाऊक नसते. तर म्हणाले, ठीक आहे, ग्राहकाला विचारा. तो चालेल म्हणाला तर उद्या सकाळी माल निघेल. पुन्हा बनवायचा तर महिना, कदाचित जास्त.

तर विचारते. हॉस्पिटल तुमच्या मागं लागलं असेल, शब्द तुम्ही दिला आहे, कटआउट दोन दोन आहेत, आणि कडेचा तुकडा पास आहे. 'चालेल' म्हणायला तुमच्याकडे कारणं भरपूर आहेत, सगळी चांगली आहेत, आणि ठरवायचा हक्कही तुमचाच. मी या वेळी भाषण करणार नाही. एक शब्द लिहून पाठवा.

वहिनी


९ मे

वहिनी,

चालणार नाही.

हॉस्पिटलला सकाळी जाऊन सांगितलं. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, मग आम्ही निम्म्या पेट्या दुसरीकडून घेतो. मी म्हटलं, घ्या, पण त्यांना विचारा की बोर्ड कुठल्या क्लासचा आहे, आणि तो बंद पडला तर मागं कोण आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. ती निम्मी ऑर्डर आता परत यायची नाही.

मालकांना वेगळं पत्र दिलं आहे. कापलेल्या बोर्डांचे पैसे माझ्या नावावर घाला, वहिनींच्या नाही, असं लिहिलंय. वाट बघतो. पुढच्या मालातही मधलाच बोर्ड कापा.

दीर